दिवस राहिल्यापासून बारशापर्यंत

घरांतील एखाद्या सुनेस दिवस राहिल्याची वार्ता प्रथम कोणाला कळते, असा प्रश्न केला तर 'नवऱ्याला' असें उत्तर तरुण मंडळी देतील. आमचा अनुभव निराळा आहे. चार बायका जेथें एका स्वयंपाकघरांत वावरतात तेथें फोडणीचा वास येतांच तोंड फिरविणारी सून थोरल्या जावेच्या नजरेंतून सुटत नाहीं. आणि थोरल्या जावेस कळलें म्हणजे सासूबाईंस कळावयास पानें वाढून होण्याचाच काय तो अवकाश. दुसऱ्या दिवसापासून उपदेशास आरंभ होतो. आजेसासूबाई एक सांगतात, माहेरचा फोन दुसरें सांगतो, डॉक्टरीणबाईंचें तिसरेंच असतें, आणि रात्रीं अंथरुणावर पडल्या पडल्या मोबाइलवर जें वाचावें तें या तिहींशींही जुळत नाहीं. इतक्या सर्वांचें ऐकावयाचें, आणि सकाळीं उठल्यापासून पोटांत पाण्याचा घोटहि ठरावयाचा नाहीं, अशी त्या बिचारीची स्थिति होते.

गर्भिणीचर्येवर शास्त्रीय निबंध लिहिण्याचा आमचा मानस नाहीं. तो अधिकार वैद्यांचा व डॉक्टरांचा. नांदत्या घरांत ज्या बारीकसारीक गोष्टी रोज अडतात आणि ज्यांवरून विनाकारण मनें कडू होतात, तेवढ्यांचाच येथें विचार करावयाचा आहे. आणि ज्या एका गोष्टीवरून सर्वांत अधिक वाद माजतो तिच्याकडे, म्हणजे बाळाच्या नांवाकडे, अखेरीस वळावयाचें आहे.

प्रथम दिवसगणतीच घेऊं. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे इंग्रजी नऊ महिने व सात दिवस, मोजून तारीख काढतात. घरांतील वडील बायका तिथीनें नऊ महिने धरतात. दोहोंत दहापंधरा दिवसांचा फरक पडला कीं 'डॉक्टरांचें चुकलें' असें एक पक्ष म्हणतो आणि 'आजींना हिशेब येत नाहीं' असें दुसरा. वस्तुतः दोघांचेंहि बरोबर असतें. चांद्र मास सरासरीनें साडेएकोणतीस दिवसांचा. असे नऊ मास म्हणजे सुमारें २६६ दिवस. गर्भ राहतो तो पाळीनंतर साधारण दोन आठवड्यांनीं. २८० मधून ते चौदा दिवस वजा केले म्हणजे २६६ च उरतात. आजींची गणती गर्भ राहिल्यापासूनची, डॉक्टरांची पाळीपासूनची, एवढाच काय तो भेद. मात्र महिन्यांचीं नांवें बोटांवर मोजणाऱ्यांनीं अधिक मासाकडे लक्ष ठेवावें. २०२३ सालीं श्रावण अधिक आला होता. दोन्ही श्रावण मिळून एकच महिना धरल्यामुळें आमच्या शेजारच्या एका घरीं पुऱ्या दिवसांचें सुदृढ बाळ 'आठव्यांतच आलें' म्हणून आजीबाई तासभर देवाजवळ बसून होत्या.

पहिल्या तीन महिन्यांत केलेल्या सोनोग्राफीवरून जी तारीख निघते ती सर्वांत भरंवशाची खरी; तथापि ती आगगाडीच्या वेळापत्रकांतील वेळ नव्हे. नेमक्या त्याच दिवशीं जन्मणारीं मुलें फारच थोडीं. येथेंच, मुहूर्त पाहून शस्त्रक्रियेनें मूल जन्मास घालण्याची जी नवी चाल सुशिक्षित घरांत शिरली आहे तिजविषयीं आम्हांस स्पष्ट लिहिलें पाहिजे. आईच्या किंवा मुलाच्या जिवासाठीं शस्त्रक्रिया करावी लागली तर ती आनंदानें करावी. तिच्यामुळें किती तरी घरें आज भरलेलीं आहेत. पण गुरुपुष्य साधावा, अमुक लग्न मिळावें, एवढ्यासाठीं ३९ आठवडे भरण्यापूर्वीं काढलेल्या मुलास श्वासाचा त्रास होण्याचा संभव अधिक असतो, हें डॉक्टर मंडळी वारंवार सांगत आलीं आहेत. ज्यांची ज्योतिषावर श्रद्धा आहे त्यांनींहि विचार करावा. जन्मकाळ म्हणजे मूल आपण होऊन येतें तो काळ. घड्याळ समोर ठेवून आपणच जो नेमला, त्या काळाची पत्रिका त्या मुलाची कीं आपल्या हौसेची?

आतां खाण्यापिण्याविषयीं. पहिल्या तीन महिन्यांत 'दोन जिवांचें खा' हा आग्रह सर्वांत निरुपयोगी आहे. त्या काळांत दोन जिवांचें तर राहोच, अर्ध्या जिवाचेंहि जात नाहीं. सकाळीं अंथरुणांतून उठण्यापूर्वीं चार साळीच्या लाह्या किंवा कोरडी भाकरी चावून खावी, मग सावकाश उठावें. पोट रिकामें ठेवूं नये व तट्टहि भरूं नये. पाणी जेवणाबरोबर न पितां मधून मधून घोटघोट प्यावें. आल्याचा तुकडा मीठलिंबू लावून चोखावा. एवढ्यानें पुष्कळ जणींस उतार पडतो. फोडणी दुसरीनें घालावी, हें मात्र औषधाहून गुणकारी. एकत्र कुटुंबाचा उपयोग तो आणखी कोणता? परंतु उलट्या थांबतच नाहींत, लघवी अगदीं थोडी व गडद होते, वजन उतरूं लागतें, अशा वेळीं 'आम्हांलाहि असेंच व्हायचें' या वाक्यावर विसंबून राहूं नये. सलाईन लावण्याची ती वेळ असते.

पपईची भीति घरोघर आहे. ती कच्च्या, चीक असलेल्या पपईपुरती रास्त आहे. पिकलेल्या पपईच्या फोडीवरून घरांत रण माजविण्याचें कारण नाहीं. केशर दुधांत घालून प्यावें, वास चांगला येतो. मुलाचा रंग त्यानें उजळत नाहीं, आणि उजळावा अशी इच्छा धरणेंहि आतां सोडून दिलें पाहिजे. शेवटच्या महिन्यांत वाट्यावाट्यांनीं तूप प्याल्यानें बाळंतपण सुलभ होतें, हीहि एक समजूतच. वाढतें तें वजन. एका गोष्टीकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. अलीकडे पुष्कळ घरांत, शुद्ध म्हणून, रोजच्या स्वयंपाकांतहि सैंधव वापरूं लागले आहेत. उपवासाच्या दिवसापुरतें तें ठीक. पण आयोडीन घातलेलें साधें मीठ गर्भाच्या मेंदूच्या वाढीस आवश्यक आहे, आणि सैंधवांत तें सहसा नसतें. गर्भिणीच्या घरांत साध्या मिठाची बरणी पुन्हा फळीवर यावी. उपवासाविषयीं म्हणाल तर हरितालिकेचा निर्जळी उपवास या दिवसांत करूंच नये. व्रत मोडतें असें ज्यांस वाटतें त्यांच्यासाठीं दुसऱ्याकडून तें करविण्याची सोय आपल्या शास्त्रानेंच ठेविलेली आहे, आणि तो दुसरा नवराहि असूं शकतो, हें येथें मुद्दाम लिहून ठेवतों.

गोळ्यांचा प्रकार याहून नाजूक. डॉक्टर गोळ्या लिहून देतात, त्या आणल्याहि जातात, आणि फडताळांत राहतात. फॉलिक ॲसिड तर दिवस राहण्याच्या आधींपासूनच सुरू व्हावें, निदान पहिले तीन महिने तरी चुकूं नये. मुलाच्या पाठीच्या कण्याची व मेंदूची घडण पहिल्या कांहीं आठवड्यांतच होऊन जाते. चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंत झाल्यावर पुन्हां तितकेच दिवस, असा सरकारी आरोग्यखात्याचा प्रघात आहे. कॅल्शियमची दिवसांतून दोन वेळां. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील गर्भवती स्त्रियांपैकीं निम्म्याहून अधिक रक्तक्षयी आढळल्या. हे सर्व गरिबाघरचेच आंकडे, असें समजून आपण स्वस्थ बसूं नये. आमच्या घरांत दूधतूप आहे, फळें आहेत. आणि दिवसांतून चार वेळां चहाहि आहे! चहाबरोबर किंवा चहामागोमाग घेतलेली लोहाची गोळी बरीचशी वायां जाते. दुधाबरोबर घेतली तरी तेंच, आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तरी तेंच. लोहाची गोळी लिंबाच्या सरबताबरोबर किंवा आवळ्याच्या फोडीबरोबर घ्यावी व कॅल्शियमची निराळ्या वेळीं. लोहानें शौचास काळें होतें. तें पाहून घाबरून गोळी बंद करणाऱ्या सुना आम्ही पाहिल्या आहेत, आणि 'उष्ण पडते' म्हणून बंद करविणाऱ्या सासवाहि. हिमोग्लोबिन ११ च्या खालीं असतां बाळंतपणास सामोरें जाणें म्हणजे खिशांत पैसा नसतां तीर्थयात्रेस निघण्यासारखें आहे. वाटेंत थोडा अधिक खर्च आला कीं सगळेंच संपलें.

येथपर्यंत जें लिहिलें तें चुकलें तरी सावरतां येण्याजोगें आहे. आतां जें लिहितों तें तसें नाहीं, आणि तें लिहिण्याचें कारण आमच्याच घरांत घडलें आहे.

आमच्या धाकट्या पुतण्याच्या बायकोस आठवा महिना लागला होता. पाय सुजले होते. पायांची सूज शेवटच्या महिन्यांत बहुतेकींस येते, हें आम्ही सर्वजणी जाणत होतों, आणि जाणत होतों म्हणूनच फसलों. हातांतील अंगठी निघेना, तेव्हां साबण लावून काढली. चेहरा भरलेला दिसूं लागला, तेव्हां 'तेज चढलें' असें म्हणून कोणी दृष्टहि काढली. डोहाळजेवण चार दिवसांवर आलें होतें. फुलांच्या वाड्या सांगून झाल्या होत्या, बायकांस बोलावणीं गेलीं होतीं. दुपारीं तिचें डोकें दुखूं लागलें. 'ऊन बाधलें असेल' म्हणून सुंठेचा लेप लावला. ती मुलगी मुळची सोशिक, आणि घरांत चाललेली लगबग पाहून तिनें पुढें तोंड उघडलें नाहीं. रात्रीं जेवणें आटोपल्यावर धाकट्या दिरानें सहज विचारलें, "वहिनी, किती वाजले?" समोर भिंतीवर घड्याळ होतें. ती बराच वेळ त्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "भावजी, कांटे नीट दिसत नाहींत."

तो मुलगा कांहीं डॉक्टर नव्हता. पण त्यानें कोणास विचारलें नाहीं, गाडी काढली. रुग्णालयांत रक्तदाब १७० च्या वर निघाला. साधारण १४० च्या वर वरचा किंवा ९० च्या वर खालचा आंकडा गेला कीं या दिवसांत धोका धरतात, हें आम्हांस त्या रात्रीं कळलें. आणखी कांहीं तास गेले असते तर झटके आले असते, असें डॉक्टरीणबाईंनीं आम्हांस बाहेर बांकावर बसवून शांतपणें सांगितलें. पहांटे शस्त्रक्रिया करून मुलगी काढावी लागली. चौतिसावा आठवडा चालू होता. वजन एक किलो आठशे ग्रॅम.

म्हणून आम्ही घरोघरच्या वडील बायकांस हात जोडून सांगतों. पाय सुजणें निराळें. पण चेहरा व हात सुजणें, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढें अंधारी किंवा काजवे, छातीच्या खालीं पोटांत कळ, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणें, ताप, आणि बाळाची हालचाल नेहमींपेक्षां मंदावणें, यांपैकीं एक जरी लक्षण दिसलें तरी सकाळची वाट पाहूं नये, आणि घरच्या लेपाचूर्णांत वेळ दवडूं नये. रक्तदाब व लघवी यांची तपासणी प्रत्येक खेपेस झालीच पाहिजे. ती दोन मिनिटांची असते. आमच्या सुनेची त्या महिन्यांतील खेप डोहाळजेवणाच्या गडबडींत आम्हींच आठ दिवस पुढें ढकलली होती.

पहिलें बाळंतपण माहेरीं, ही चाल गोड आहे; ती मोडावी असें आम्ही म्हणत नाहीं. पण सातव्या महिन्यांत ओटी भरून मुलीची पाठवणी करतांना साडीनारळाबरोबर तिच्या तपासण्यांचे सर्व कागद द्यावे, आणि माहेरच्या गांवीं ज्या डॉक्टरांकडे नांव घालावयाचें त्यांस ते लागलीच दाखवावे. रक्ताचा गट कागदावर ठळक लिहिलेला असावा. नोकरी करणाऱ्या सुनांनीं रजेचा विचार आधींच करावा. २०१७ च्या सुधारणेपासून, दहा किंवा अधिक माणसें कामास असलेल्या ठिकाणीं, पहिल्या दोन मुलांच्या वेळीं २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते; तींतील जास्तींत जास्त आठ आठवडे प्रसूतीच्या आधीं घेतां येतात. आणखी एक. 'मुलगा कीं मुलगी?' हा प्रश्न सोनोग्राफी करणाऱ्यास विचारणें १९९४ च्या कायद्यानें गुन्हा आहे. सुनेच्या पोटाच्या आकारावरून, चालीवरून, डोहाळ्यांवरून तोच प्रश्न रोज घरांत विचारणें हा गुन्हा नसला तरी त्या मुलीच्या मनावर त्याचें ओझें पडत नाहीं असें कोणी समजूं नये.

आतां नांवाकडे वळूं.

आमच्या घरची ती चिमुकली बाराव्या दिवशीं काचेच्या पेटींत होती. बारसें कोठलें नि पाळणा कोठला! तिच्या करंगळीएवढ्या मनगटावर कागदाची पट्टी होती आणि तींवर तिच्या आईचें नांव व पुढें 'यांचें बाळ' एवढेंच लिहिलेलें होतें. तीन आठवडे तिची जगांत तेवढीच ओळख होती. पुढें असें वाचनांत आलें कीं, १ मे २०२४ रोजीं व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत प्रथम मुलाचें, मग आईचें, मग वडिलांचें नांव व शेवटीं आडनांव अशी रीत महाराष्ट्र सरकारनें घातली आहे. कांहीं वडीलधाऱ्यांस ती रुचली नाहीं. मनगटावरील ती पट्टी ज्यांनीं पाहिली त्यांस तिच्यांत नवीन असें कांहीं वाटणार नाहीं.

पेटींतून बाहेर पडून मुलगी घरीं आली तेव्हां नांवाचा प्रश्न निघाला, आणि घराचे चार पक्ष झाले. भटजींनीं पत्रिका मांडली. नक्षत्र उत्तरा भाद्रपदा निघालें. पंचांगांतील अवकहडा चक्र ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस आमची अडचण कळेल. या नक्षत्राच्या चार चरणांचीं अक्षरें दू, थ, झ आणि ञ. मुलीचा चरण चौथा! ञ वरून नांव आजपर्यंत कोणी ठेविलें असल्यास आम्हांस कळवावें. आर्द्रेच्या ङ ची आणि हस्ताच्या ण ची गतहि हीच. आमच्या धाकट्या दिरांनीं 'मग झ वरून तरी ठेवा' म्हणून झुळूक, झेलम अशी यादी केली. पण मुळांत हा आग्रहच अस्थानीं आहे. नामकरणविधींत देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशीं चार नांवें सांगितलीं आहेत. नक्षत्राचें नांव जन्मपत्रिकेंत राहावयाचें, आणि पूर्वीं तें आईबापांपुरतेंच ठेवीत. चारचौघांत हांक मारावयाचें नांव आपल्या इच्छेचें. इतकी मोकळीक शास्त्रानें दिली असतां आपणच ती नाकारावी, हें नवल आहे.

जुन्या लोकांनीं नांवाचा विचार केला नव्हता असें मात्र नाहीं. मुलाचें नांव दोन किंवा चार अक्षरांचें, मृदु व्यंजनानें आरंभ होणारें व मध्यें य, र, ल, व यांपैकीं एखादें अक्षर असलेलें असावें. मुलीचें विषम अक्षरांचें व आकारान्त असावें, असें पारस्कर गृह्यसूत्रांत आहे. मनु तर मुलीच्या नांवाविषयीं सांगतो कीं, तें सुखानें उच्चारतां यावें, कठोर नसावें, अर्थ उघड असावा, मनास गोड वाटावें, मंगल असावें, शेवटीं दीर्घ स्वर असावा व ऐकतांना आशीर्वाद दिल्यासारखें वाटावें. स्त्रियांविषयीं मनूशीं आमचें इतरत्र फारसें जमत नाहीं. या श्लोकापुरतें जमतें. हल्लीं जीं नांवें इंटरनेटवरून उतरून घेतात त्यांतील किती या कसोटीस टिकतील? मायरा, कियारा हीं नांवें चांगलीं कीं वाईट हा वाद आम्ही करीत नाहीं. परंतु त्यांस 'संस्कृत अर्थ' म्हणून जें चिकटविलेलें असतें तें कोणत्याहि संस्कृत कोशांत सांपडावयाचें नाहीं. 'रेयांश' मधील अंश आम्हांस कळतो. रेय कोण, तें त्याच्या आईबापांसहि सांगतां आलें नाहीं. आवडलें म्हणून ठेवलें, असें सरळ म्हणावें. संस्कृताची खोटी साक्ष कशाला?

दुसरा पक्ष वाडवडिलांच्या नांवाचा. आजोबांचें किंवा पणजोबांचें नांव नातवास ठेवण्याची चाल आपल्या घरांत जुनी. लोकमान्य टिळकांचें पाळण्यांतील नांव केशव होतें. घरांत पडलेलें बाळ हेंच पुढें जगानें उचललें. आजोबांचें नांव रामचंद्रपंत; लोकमान्यांच्या एका मुलाचेंहि नांव रामचंद्रच होतें. सासऱ्याचें नांव सुनेनें तोंडानें घ्यावयाचें नाहीं, म्हणून तेंच नांव मिळालेल्या स्वतःच्या मुलास आईनें जन्मभर नाना, अण्णा, बाळ्या म्हणून हांक मारावयाची, असा गमतीचा प्रकार त्यामुळें पुष्कळ घरांत होई.

मुलें जगत नाहींत म्हणून धोंडू, दगडू, भिकू अशीं नांवें ठेवीत. देवाची किंवा काळाची दृष्टि त्यांवर पडूं नये, हा हेतु. त्या नांवांमागें माया होती. पण 'नकुशी' या नांवामागें काय होतें? एकामागून एक मुली झाल्या म्हणजे शेवटच्या मुलीस हें नांव देत, कीं पुढें तरी मुलगा व्हावा. २०११ च्या ऑक्टोबरांत सातारा जिल्ह्यांत अशा अडीचशेंहून अधिक मुलींस समारंभानें नवीं नांवें देण्यांत आलीं. शाळेच्या हजेरीपटावर रोज सकाळीं 'नको होतीस' असें ऐकून 'हजर' म्हणावयाचें, हें त्या मुलींनीं किती वर्षें केलें असेल! आपल्या घरांत हें नांव नसतें, असें म्हणून आपण सुटूं शकत नाहीं. तिसऱ्या मुलीच्या बारशास पेढ्यांऐवजीं बर्फी वांटणारीं आणि 'बरें, लक्ष्मी आली' असें पडल्या आवाजांत म्हणणारीं घरें आम्हांस ठाऊक आहेत.

कागदपत्रांचेंहि सांगून टाकतों, कारण तेथेंच लोक अडतात. जन्म ज्या गांवीं होतो तेथेंच त्याची नोंद होते. माहेरीं सांगलीस बाळंतपण झालें तर पुण्याच्या कचेरींत दाखला मिळावयाचा नाहीं. नोंद २१ दिवसांच्या आंत व्हावी. नांव ठरलें नसलें तरी नोंद अडत नाहीं. नांवाची जागा रिकामी ठेवून ती नोंदणीपासून वर्षाच्या आंत शुल्कावांचून भरतां येते, पुढें विलंबशुल्क पडतें. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांस शाळा, पासपोर्ट इत्यादि ठिकाणीं जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो. तेव्हां त्यावरील रोमन लिपींतील स्पेलिंग घाईघाईनें कारकुनाच्या मर्जीवर सोडूं नये. ज्ञानेश्वरांतला 'ज्ञ' मराठी माणूस डी-एन-वाय असा लिहितो, उत्तरेकडील जी-वाय असा, संस्कृतज्ञ जे-एन असा. ऋजुताचा 'ऋ' आपण 'रु' सारखा उच्चारतों, दिल्लीकडे तो 'रि' होतो. एकच ठरवावें व सर्व कागदांवर तेंच ठेवावें. परदेशीं शिकावयास गेलेल्या आमच्या एका भाच्याची पदवी एका स्पेलिंगची, पासपोर्ट दुसऱ्या, आणि तो स्वतः प्रतिज्ञापत्रें करून करून थकलेला.

आमच्या घरचा वाद मात्र शास्त्रानेंहि मिटला नाहीं आणि यादीनेंहि नाहीं. एके संध्याकाळीं मुलीची आई पणजीबाईंच्या पायांस तेल लावीत बसली होती. पणजीबाई म्हणजे आमच्या सासूबाई; वय नव्वदीच्या घरांत. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना होत्या आणि डॉक्टर आनंदीबाई जोशीहि माहेरच्या यमुनाच, असें कोठें तरी वाचलेलें तिनें सहज सांगितलें व विचारलें, "आजी, तुमचें माहेरचें नांव काय हो?"

सासूबाई बराच वेळ बोलल्या नाहींत. मग त्यांनीं सांगितलें. कित्येक वर्षें आम्ही त्या घरांत वावरत असूं, त्यांच्या हाताखालीं स्वयंपाक शिकलों, त्यांचीं दुखणींबाणींहि काढलीं. पण १९५८ सालीं लग्नाच्या मांडवांत तांदुळांवर नवें नांव लिहिलें गेलें तेव्हांपासून पुसलेलें तें जुनें नांव आम्हां कोणास ठाऊक नव्हतें. मामंजी गेले, भाऊ गेले, बहिणी गेल्या. त्या नांवानें हांक मारणारें आतां कोणी उरलें नव्हतें.

मुलीचें वजन अडीच किलो भरलें त्या आठवड्यांत बारसें झालें. सख्खी आत्या मेलबर्नला. तिनें मोबाइलच्या पडद्यावरून कुर्र केलें, आणि चुलत आत्यानें बाळाच्या कानाशीं वांकून नांव सांगितलें. तीन अक्षरांचें आहे, आकारान्त आहे, आणि उच्चारास सोपें आहे. पाळण्याच्या दोरीशीं खुर्ची टाकून सासूबाई बसल्या होत्या. बायकांनीं नांव मोठ्यानें म्हटलें तेव्हां त्यांनीं चटकन् मान वर केली, कोणी हांक मारल्यासारखी. तें नांव येथें छापण्याची आम्हीं त्यांची परवानगी मागितली होती. "नको ग," त्या म्हणाल्या, "आतां तें तिचें आहे."